वैश्लेषिक फलनाची व्याख्या विकीवर एकत्र मिळून कशी लिहावी

वैश्लेषिक फलनाची व्याख्या तीन चांगल्या पुस्तकांत पाहिली, तर ती तीन निरनिराळ्या वाक्यांत सापडण्याची शक्यता बरीच आहे. एका पुस्तकात संमिश्र अवकलनीयतेपासून (संमिश्र चलाच्या फलनाला अवकलज असण्यापासून) सुरुवात असते, दुसऱ्यात अभिसारी घात श्रेढीपासून (चलाच्या वाढत्या घातांच्या, निश्चित बेरीज असलेल्या अनंत श्रेढीपासून), तर तिसऱ्यात कोशी–रीमान समीकरणांपासून (फलनाच्या आंशिक अवकलजांना जोडणाऱ्या दोन समीकरणांपासून). एकट्याने पुस्तक लिहिणाऱ्याला याची अडचण होत नाही, कारण पहिल्या प्रकरणात जे ठरवले तेच तो शेवटपर्यंत पाळतो. विकीवरचा लेख अनेक हातांनी लिहिला जातो आणि प्रत्येक जण आपण शिकलेली व्याख्या बरोबर घेऊन येतो. मग पहिल्या परिच्छेदात एक व्याख्या, तिसऱ्यात दुसरी, आणि मधे 'म्हणून' या शब्दाने जोडलेले, पण दोहोंपैकी एकीवरूनही सिद्ध न झालेले विधान, असे पान तयार होते. अशा पानावरचे प्रत्येक वाक्य सुटे वाचले तर बरोबर ठरते, आणि तरीही पान चुकीचे असते. हा दोष एकेक वाक्य तपासून सापडत नाही. त्यासाठी व्याख्येबाबत आधी करार करावा लागतो आणि नंतरच्या प्रत्येक वाक्याला तो लावून पाहावा लागतो.

पुढील मार्गदर्शन मराठी विकिपीडियावर किंवा तशाच एखाद्या सामुदायिक गणितकोशात हा लेख घडवू इच्छिणाऱ्यांसाठी आहे. येथे मी सूत्रेही देवनागरीत लिहितो: क्ष आणि य ही वास्तव चले, आय म्हणजे काल्पनिक एकक, झ = क्ष + आय·य हे संमिश्र चल, फ हे फलन, अ हा केंद्रबिंदू, आणि ई हा नैसर्गिक लॉगरिदमचा पाया. प्रत्यक्ष विकीपानावर मात्र सूत्रे 'मॅथ' टॅगमध्ये लाटेकच्या रीतीने, रोमन अक्षरांतच लिहावीत. शालेय मराठी पुस्तकांतही चले रोमन अक्षरांत छापतात, त्यामुळे वाचकाला ती ओळखीची असतात.

आधी शब्द ठरवा

पहिले काम चर्चा पानावर करायचे आहे, मुख्य पानावर नाही. लेखात लागणाऱ्या दहा-बारा संज्ञांची यादी करून प्रत्येकीसाठी एकच मराठी शब्द ठरवावा. मराठी गणितलेखनात एकाच कल्पनेसाठी अनेक शब्द रुळलेले आहेत: फल आणि फलन, अवकलज आणि विकलज, शाळेत शिकलेली संमिश्र संख्या आणि जुन्या लेखनात भेटणारी सदसत् संख्या. यांपैकी कोणताही शब्द चुकीचा नाही. परंतु एकाच पानावर दोन्ही आले, तर नवख्या वाचकाला त्या दोन वेगळ्या गोष्टी वाटतात, आणि गणितात हा गैरसमज महाग पडतो. ठरवलेला शब्द लेखात वापरावा, उरलेल्या शब्दांवरून पुनर्निर्देशने करावीत आणि लेखाच्या सुरुवातीला पर्यायी नावे एकदाच सांगावीत. 'वैश्लेषिक', 'विश्लेषी' आणि 'विश्लेषक' या विशेषणांनाही हीच पद्धत लावावी. 'वैश्लेषिक संच' ही संच-सिद्धांतातील कल्पना अगदी वेगळी आहे, तिची गल्लत टाळण्यासाठी निःसंदिग्धीकरणाची एक ओळ पुरते.

एका जोडीकडे विशेष लक्ष द्यावे लागते. 'होलोमॉर्फिक' हा शब्द ब्रिओ आणि बुके या फ्रेंच गणितज्ञांनी १८७५ मध्ये ग्रीक धातूंवरून रूढ केला. संमिश्र चलांच्या जगात होलोमॉर्फिक आणि वैश्लेषिक ही फलने एकच निघतात, म्हणून पुष्कळ लेखक दोन्हींसाठी एकच शब्द वापरतात. माझे आग्रहाचे मत असे की विकीवर तसे करू नये. विवृत संचाच्या (ज्याच्या प्रत्येक बिंदूभोवतीचा थोडा परिसरही त्यातच असतो अशा संचाच्या) प्रत्येक बिंदूवर संमिश्र अवकलज असणाऱ्या फलनाला होलोमॉर्फिक म्हणावे, घात श्रेढीने व्यक्त होणाऱ्याला वैश्लेषिक म्हणावे, आणि दोन्ही एकच असल्याचे प्रमेय म्हणून सांगावे. दोन शब्द वेगळे ठेवले की कोणत्या ठिकाणी त्या प्रमेयाचा आधार घेतला जात आहे हे वाक्यातच दिसते. 'होलोमॉर्फिक'साठी छापील मराठी पर्याय हाताशी नसेल, तर लिप्यंतर ठेवावे. विकी ही नवे शब्द घडवण्याची जागा नाही, रुळलेल्या शब्दांची नोंद करण्याची आहे.

मूळ व्याख्या एकच निवडा

आता मुख्य निर्णय. तीन उमेदवारांपैकी प्रत्येकामागे एक परंपरा आहे. लाग्रांज यांनी १७९७ मध्ये संपूर्ण कलनशास्त्र घात श्रेढींवर उभे करण्याचा प्रयत्न केला. वायरस्ट्रास यांनी पुढे संमिश्र फलनांचा सिद्धांत काटेकोरपणे श्रेढींवरच रचला. कोशी यांची वाट अवकलज आणि संकलाची (इंटिग्रलची) होती. रीमान यांनी १८५१ च्या प्रबंधात अवकलज दिशेवर अवलंबून नसणे हीच मूळ कल्पना मानली. कोणती परंपरा श्रेष्ठ, हा वाद चर्चा पानावर रंगू शकतो, पण त्याची गरज नाही. लेख कोणत्या कक्षेत बोलणार आहे, एवढाच प्रश्न विचारावा.

लेखात वास्तव आणि संमिश्र अशी दोन्ही वैश्लेषिक फलने यायची असतील, तर घात श्रेढीचीच व्याख्या घ्यावी, कारण ती दोन्हीकडे एकाच शब्दांत चालते. अवकलनीयतेची व्याख्या वास्तव चलांत चालत नाही: क्ष·|क्ष| हे फलन सर्वत्र अवकलनीय आहे, पण शून्यावर त्याचा दुसरा अवकलज अस्तित्वात नाही, मग घात श्रेढी कुठून येणार? लेख फक्त संमिश्र फलनांचा असेल, तर अवकलनीयतेपासून सुरुवात करणे शिकवण्याच्या दृष्टीने सोपे जाते. पण तसे असल्यास लेखाचे शीर्षक आणि पहिले वाक्य ती मर्यादा स्पष्ट सांगणारे हवे.

घात श्रेढीची निवड झाली असे धरून मसुदा असा करता येईल:

'यू' हा वास्तव किंवा संमिश्र संख्यांचा विवृत संच आणि फ हे 'यू'वर व्याख्यात फलन असू द्या. 'यू'मधील प्रत्येक बिंदू अ साठी एखादी धन संख्या त्र आणि क०, क१, क२, … असे सहगुणक अस्तित्वात असतील, की अ पासून त्र पेक्षा कमी अंतरावर असलेल्या 'यू'मधील प्रत्येक झ साठी क० + क१(झ − अ) + क२(झ − अ)² + … ही श्रेढी अभिसारी असून तिची बेरीज फ(झ) एवढी असेल, तर फ हे 'यू'वर वैश्लेषिक आहे असे म्हणतात.

वाक्य लांब आहे आणि ते लांबच राहू द्यावे. एकत्रित लेखनात सर्वाधिक नुकसान होते ते कोणीतरी सद्हेतूने असे वाक्य 'सुटसुटीत' करताना. म्हणून या वाक्यातील प्रत्येक अट का आहे हे चर्चा पानावर, प्रत्येकी एका उदाहरणासह, नोंदवून ठेवावे. उदाहरण नसलेली अट पुढचा संपादक अनावश्यक समजून काढून टाकतो.

'प्रत्येक बिंदू अ साठी त्र' या क्रमापासून सुरुवात करू. त्र ही संख्या अ वर अवलंबून असते. हा क्रम उलटला, तर 'एकच घात श्रेढी संपूर्ण संचावर चालते' असा अर्थ होतो, आणि तो खोटा आहे. १/(१ + क्ष²) हे फलन संपूर्ण वास्तव रेषेवर वैश्लेषिक आहे, तरी शून्याभोवतीची त्याची श्रेढी १ − क्ष² + क्ष⁴ − … ही केवळ −१ आणि १ यांच्या दरम्यानच अभिसारी आहे. केंद्र १ कडे नेले, तर अभिसरण त्रिज्या √२ होते आणि सर्वसाधारणपणे केंद्र अ असता ती √(१ + अ²) असते. वास्तव रेषेवर कोठेही बिघाड दिसत नसताना ही त्रिज्या मर्यादित का राहते, याचे उत्तर संमिश्र प्रतलात आहे: आय आणि −आय या बिंदूंवर छेद शून्य होतो आणि अ पासून त्या दोहोंचे अंतर नेमके √(१ + अ²) आहे. माझ्या मते या लेखातील हे सर्वांत मोलाचे उदाहरण आहे, कारण वास्तव आणि संमिश्र फलनांना एकाच पानावर का ठेवायचे, हे ते दोन ओळींत पटवून देते.

पुढची अट, 'बेरीज फ(झ) एवढी असेल', ही अनेकदा गळून पडते आणि तिच्या जागी 'टेलर श्रेढी (फलनाच्या अवकलजांवरून लिहिलेली घात श्रेढी) अभिसारी असेल' एवढेच उरते. ई^(−१/क्ष²) हे फलन, शून्यावर किंमत शून्य धरून, घ्या. शून्यावर त्याचे सर्व अवकलज शून्य आहेत, म्हणून त्याची टेलर श्रेढी शून्य, शून्य, शून्य अशी आहे. ती सर्वत्र अभिसारी आहे, पण तिची बेरीज शून्याखेरीज कोठेही फलनाच्या किमतीशी जुळत नाही. कोशी यांनी १८२० च्या दशकाच्या सुरुवातीला हेच उदाहरण देऊन लाग्रांज यांच्या कार्यक्रमाचा पाया डळमळीत केला. 'अनंत वेळा अवकलनीय म्हणजे वैश्लेषिक' असे वाक्य वास्तव चलांच्या संदर्भात कोणी लिहिले, तर वाद न घालता या उदाहरणाकडे बोट दाखवावे.

'विवृत संच' ही अट रुक्ष वाटते, पण तिच्यामुळे 'एका बिंदूवर वैश्लेषिक' या शब्दप्रयोगाला अर्थ मिळतो. फलन एका बिंदूवर वैश्लेषिक असणे म्हणजे त्या बिंदूच्या एखाद्या विवृत परिसरात ते श्रेढीने व्यक्त होणे. |झ|² या फलनाला शून्यावर संमिश्र अवकलज आहे, इतर कोणत्याही बिंदूवर नाही. म्हणून ते एका बिंदूवर अवकलनीय आहे, पण कोठेही वैश्लेषिक नाही. बंद चकतीवर वैश्लेषिक फलनाविषयी लिहायचे झाल्यास, त्या चकतीला सामावणाऱ्या एखाद्या विवृत संचावर ते वैश्लेषिक आहे असा अर्थ पहिल्याच वापराच्या वेळी सांगावा.

संचाची संबद्धता (तो एकाच तुकड्यात असणे) मात्र व्याख्येत घालू नये, जरी काही पुस्तकांत ती असते. दोन परस्परांपासून विलग विवृत चकत्या घेऊन एकीवर ० आणि दुसरीवर १ किंमत दिली, तर ते फलन आपल्या व्याख्येनुसार वैश्लेषिक आहे आणि तसेच असायला हवे. एका चकतीवर शून्य असलेले वैश्लेषिक फलन सर्वत्र शून्य असते, हे एकत्व-प्रमेय तेथे लागू पडत नाही, म्हणून संबद्धतेची अट त्या प्रमेयाच्या विधानात येते. अट जेथे वापरली जाते तेथेच ती लिहावी.

समतुल्यता हे प्रमेय आहे, व्याख्या नव्हे

मूळ व्याख्या ठरल्यावर उरलेल्या दोन्हींना 'समतुल्य अटी' अशा स्वतंत्र विभागात जागा द्यावी आणि प्रत्येक दिशेची सिद्धता कशावर अवलंबून आहे ते लिहावे. 'प्रूफविकी' या सामुदायिक प्रकल्पात याची चांगली रीत आहे: एका संज्ञेच्या अनेक व्याख्यांना क्रमांक देतात आणि त्या समतुल्य असल्याची सिद्धता वेगळ्या पानावर ठेवतात. 'लीन' या सिद्धता-पडताळणी प्रणालीच्या 'मॅथलिब' ग्रंथालयातही वैश्लेषिकतेची व्याख्या घात श्रेढीवरून केलेली असून, संमिश्र अवकलनीयतेवरून ती निघणे हे स्वतंत्र प्रमेय आहे. तेथे वर्तुळी युक्तिवाद संगणकच स्वीकारत नाही. आपल्या पानावर ते काम माणसांनी करायचे आहे.

चर्चा पानावर अवलंबित्वाची साखळी एका ओळीत लिहावी: विवृत संचावर संमिश्र अवकलनीयता, त्यावरून कोशी–गूर्सा प्रमेय, त्यावरून कोशींचे संकल सूत्र, त्यावरून घात श्रेढी. उलट दिशा सोपी आहे, कारण घात श्रेढीचे पदशः अवकलन करता येते. आता सापळा पाहा. कोशींचे प्रमेय ग्रीन यांच्या प्रमेयावरून सिद्ध करण्याची लोकप्रिय रीत अवकलजाचे सांतत्य गृहीत धरते. एक संपादक ही सिद्धता लिहितो. दुसरा विचारतो की सांतत्य कुठून आले. तिसरा सद्भावनेने उत्तर देतो की वैश्लेषिक फलन अनंत वेळा अवकलनीय असते. पण हे विधान ज्या साखळीतून मिळते, तिची पहिलीच कडी आपण अजून सिद्ध करत आहोत. गूर्सा यांनी १९०० मध्ये प्रसिद्ध केलेल्या सिद्धतेचे महत्त्व येथेच आहे: तिने अवकलजाच्या सांतत्याची गरजच काढून टाकली. ग्रीन यांची वाट ठेवायची असेल, तर सांतत्याचे गृहीतक प्रमेयाच्या विधानात उघडपणे लिहावे.

कोशी–रीमान समीकरणांबाबत विकीपाने सर्वाधिक घसरतात. 'फ वैश्लेषिक असते जर आणि तरच ही समीकरणे पाळली जातात' असे वाक्य दिसले की दोन कसोट्या लावाव्यात. √|क्ष·य| हे फलन शून्यबिंदूवर दोन्ही समीकरणे पाळते, कारण तेथे त्याचे चारही आंशिक अवकलज शून्य आहेत. तरीही क्ष = य या रेषेवरून शून्याकडे गेल्यास भागाकाराची सीमा शून्य येत नाही, म्हणून ते तेथे अवकलनीय नाही. यावर कोणी म्हणेल की समीकरणे एका बिंदूवर नव्हे, सर्वत्र पाळली गेली पाहिजेत. तेवढ्यानेही भागत नाही. ई^(−१/झ⁴) हे फलन, शून्यावर किंमत शून्य धरून, संमिश्र प्रतलाच्या प्रत्येक बिंदूवर कोशी–रीमान समीकरणे पाळते, पण अक्षांशी ४५ अंशांचा कोन करणाऱ्या रेषेवरून शून्याकडे गेल्यास ते अमर्याद वाढते. ते शून्यावर संततसुद्धा नाही. योग्य विधान लोमन–मेन्शॉफ प्रमेयाचे आहे: विवृत संचावर फलन संतत असेल, आंशिक अवकलज सर्वत्र अस्तित्वात असतील आणि समीकरणे सर्वत्र पाळली जात असतील, तर ते होलोमॉर्फिक असते. प्राथमिक लेखासाठी 'आंशिक अवकलज संतत असतील तर' ही अधिक कडक, पण सोपी अट पुरेशी आहे. मात्र ती वाक्यात हवीच.

काम कसे वाटून घ्यावे

मसुदा धूळपाटीवर (विकीवरील सरावाच्या पानावर) करावा. व्याख्येचे वाक्य एकानेच लिहावे, दुसऱ्याने वर आलेली फलने एकेक करून त्या वाक्याला लावून पाहावीत, आणि तिसऱ्याने प्रत्येक विधानासाठी छापील संदर्भ शोधावा. लिहिणाऱ्यानेच तपासू नये, कारण त्याला गळलेली अट दिसत नाही. ती त्याच्या मनात असतेच. 'प्लॅनेटमॅथ' या प्रकल्पात प्रत्येक नोंदीला एक मालक असे आणि इतरांनी त्याच्याकडे दुरुस्त्या पाठवायच्या, अशी पद्धत रूढ होती. विकिपीडियावर कोणीही मालक नाही, म्हणून मालकाची शिस्त चर्चा पानावरच्या लेखी निर्णयाने आणावी लागते. निर्णय अगदी छोटा असावा: 'मूळ व्याख्या घात श्रेढीची, संच विवृत, संबद्धता गृहीत नाही, होलोमॉर्फिक हा शब्द केवळ अवकलनीयतेसाठी.' एवढ्या चार कलमांनी निम्मे वाद होतच नाहीत.

मुख्य पानावर एका संपादनात एकच बदल करावा आणि सारांशात कारण लिहावे. 'सुधारणा' हा सारांश निरुपयोगी आहे. 'अभिसरण त्रिज्या केंद्रावर अवलंबून असल्याचे स्पष्ट केले' हा सारांश इतिहास वाचणाऱ्याला दोन वर्षांनंतरही उपयोगी पडतो. मतभेद झाल्यास संपादन उलटवत बसण्याऐवजी आपला मुद्दा खोटा पाडेल किंवा खरा ठरवेल असे फलन चर्चा पानावर मांडावे. गणितातील बहुतेक मतभेद तेथेच मिटतात. शब्दांच्या निवडीचे उरतात, ते चावडीवर (विकीसमुदायाच्या सामाईक चर्चेच्या पानावर) न्यावेत.

मजकूर आणताना प्रताधिकाराची काळजी घ्यावी. व्याख्येतील गणित कोणाच्याही मालकीचे नसते, पण पुस्तकातील वाक्य लेखकाचे असते, ते जसेच्या तसे उतरवू नये. इंग्रजी विकिपीडियावरून भाषांतर करायला परवान्याने मुभा आहे, मात्र मूळ लेखाचा दुवा संपादन सारांशात द्यावा. भाषांतरात एक वेगळाच धोका असतो: तिकडे होलोमॉर्फिक आणि वैश्लेषिक फलनांसाठी दोन स्वतंत्र लेख आहेत, आणि दोहोंतले परिच्छेद आपल्या एका पानावर आणले की दोन मूळ व्याख्या नकळत एकत्र येतात. प्रत्येक भाषांतरित परिच्छेद आपल्या चार कलमांशी जुळवून घ्यावा.

अनेक चलांचा विभाग पहिल्या फेरीत थोडक्यातच ठेवावा. येथे एवढी नोंद पुरे, की प्रत्येक चलात स्वतंत्रपणे होलोमॉर्फिक असलेले फलन सर्व चलांत मिळून होलोमॉर्फिक असते, हे हार्टोग्ज यांनी १९०६ मध्ये सिद्ध केले, आणि वास्तव चलांत हे खोटे आहे. क्ष·य/(क्ष² + य²), आरंभबिंदूवर किंमत शून्य धरून, प्रत्येक चलात स्वतंत्रपणे वैश्लेषिक आहे, पण आरंभबिंदूवर संतत नाही.

प्रास्ताविक परिच्छेद सर्वांत शेवटी लिहावा. त्यात गणिताशी फारसा संबंध नसलेल्या वाचकासाठी एक-दोन वाक्ये असावीत: बहुपदी, साइन, कोसाइन, घातांकी फलन ही परिचित उदाहरणे, आणि अशा फलनाचे एका छोट्या परिसरातील वर्तन त्याचे संबद्ध संचावरील सर्व वर्तन ठरवते ही विलक्षण गोष्ट. सोपेपणासाठी येथे अटी वगळल्या तरी चालतात, मात्र 'साधारणपणे' हा शब्द वापरून आणि काटेकोर व्याख्या खाली असल्याचे सांगून.

लेख प्रसिद्ध झाल्यावर तो आपल्या पहाऱ्याच्या सूचीत ठेवावा. व्याख्येच्या वाक्याशेजारी, वाचकाला न दिसणारी पण संपादकाला दिसणारी टीप विकीमजकुरात घालून ठेवावी: 'या वाक्यातील अटींची कारणे चर्चा पानावर आहेत, बदलण्यापूर्वी १/(१ + क्ष²), ई^(−१/क्ष²) आणि |झ|² ही तीन फलने लावून पाहा.'